रविवारची फुलं

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब शहाणपणावर बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला ज्योत्स्नाच्या मस्तकात सणक गेली. शहाणा माणूस खडकावर घर बांधतो, मूर्ख वाळूवर बांधतो, हे तिला नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हापासून पाठ होतं. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, टेंभुर्णीच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात, हातात सिंदीची झावळी धरून ती तेच पुन्हा ऐकत होती आणि मनात म्हणत होती, पाळकसाहेब, खडक काय अन् वाळू काय, सात-बाऱ्यावर आमच्या नावानं दोन्हीतलं काहीच नाही. देवाच्या घरात असं मनात आणू नये हेही तिला ठाऊक होतं. पण तिचा राग तिला विचारून कधी येत नव्हता.

त्या रागाची गावात ख्याती होती. तिचा नवरा पुंजाराम, चर्चच्या मंडळीतला वडील माणूस, टेंभुर्णी ते जाफराबाद काळीपिवळी चालवायचा आणि सवाऱ्यांना सांगायचा, आमच्या घरी चुलीला काडी लागत नाही, बायकोनं नुसतं बघितलं तरी पेटती. सवाऱ्या हसायच्या. ज्योत्स्नाला हा विनोद बिलकुल आवडत नसे. तिचं म्हणणं असं, की माझा राग सगळ्या गावाला दिसतो, तो आणणारे मात्र कुणाला दिसत नाहीत.

आजच्या रागाला तर कारण होतं, आणि ते कारण काल दुपारी स्वतःच्या पायांनी चालत तिच्या दारात आलं होतं. भुजंगराव.

भुजंगराव म्हणजे गावातला बडा बागायतदार. त्याच्या दीड एकरात जालन्याच्या एका कंपनीसाठी कपाशीचं संकरित बी तयार व्हायचं. हे सगळं बायांच्या बोटांचं काम. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि आतला नर काढून टाकायचा, वर लाल कागदाचा तुकडा अडकवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग तिला लावायचे. याला गाव क्रॉसिंग म्हणतं. एखादी कळी सुटली तर ती आपली आपण उमलते, आपल्याच परागानं फळते, आणि तिची सरकी चांगल्या सरकीत मिसळली की देवालाही निवडता येणार नाही. मग कंपनी नमुना पेरून बघते आणि अख्खा माल नापास करते.

ज्योत्स्नाच्या हाताखाली चौदा बाया होत्या, सगळ्या मंडळीतल्या. त्यांचं काम चोख, हे दुष्मनही कबूल करायचा. फक्त त्यांची एक अट होती. रविवारी सकाळी उपासना, त्यामुळे दुपारपर्यंत काम नाही. फुलांना काही रविवार कळत नाही, ती उमलतातच. म्हणून या बाया शनिवारी दुपारी रविवारी उमलणारी प्रत्येक कळी खुडून टाकायच्या, एकूण एक. या कळ्यांना त्या रविवारची फुलं म्हणत. तालुक्यात दुसरी कुठली टोळी असं करत नव्हती. सुरुवातीला भुजंगराव कुरकुरला होता, की देवाच्या नावानं माझी कळ्यांची नासाडी. पण सलग पाच वर्षं त्याचा प्लॉट पास झाला आणि त्याची कुरकुर बंद पडली.

यंदा नापास झाला. आणि काल हा गृहस्थ ज्योत्स्नाच्या दारात उभा राहून तिच्या बायांचं कौतुक करत होता. तुमचा काही दोष न्हाई, म्हणाला. दोष त्याच्या सुनेचा, सुरेखाचा. मुलगा कल्याण जालन्याला दुकानावर असतो, त्यामुळे प्लॉटवर देखरेख सुरेखाची होती. शनिवारी संध्याकाळी ओळींतून फिरून रविवारची फुलं खुडली गेली का ते बघायचं काम तिचं, आणि तिनं ते केलं नाही. नमुन्यात नापास रोपं निघाली ती बराबर रविवारी सुटलेल्या फुलांएवढी, कंपनीच्या माणसानं हिशेब लावून सांगितलं होतं. आता तिला माहेरी पाठवायचं ठरलं होतं. कायमचं. पोटी एकच मुलगी, तोंडाला फटकळ, कामात आंधळी, ठेवायची कशाला? कल्याणसाठी दुसरीकडे बघायला सुरुवातही झाली होती, हे भुजंगराव बोलला नाही, पण गावाला ते माहीत होतं.

"ती म्हणती, मी दर शनिवारी विचारलं अन् ज्योत्स्नामावशी झालं म्हणाल्या. खोटं बोलून राह्यली," भुजंगराव म्हणाला. "गुरुवारी सकाळी तिचा बाप येणार हाय तीर्थपुरीहून. त्याच्या म्होरं तुम्ही एवढंच सांगायचं, की हिनं कधी विचारलंच न्हाई. तुमच्या शब्दाला वजन हाय. चर्चवाले खोटं बोलत न्हाईत, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय."

वर म्हणाला, जूनमध्ये अडीच एकर लावणार आहे, सगळं काम तुमच्याच टोळीला. ज्योत्स्नानं रिवाज म्हणून पाणी पुढं केलं. आत्ताच पिऊन आलो, असं म्हणून तो गेला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि तो पिऊन आला होता म्हणे.

खरं काय ते ज्योत्स्नाला ठाऊक होतं. सुरेखानं विचारलं होतं. चार शनिवारी, चारही वेळा. आणि ज्योत्स्नानं चारही वेळा मान हलवून झालं म्हणून सांगितलं होतं, आणि एकदाही झालेलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. पावसानं उघडीप दिली होती आणि कपाशीत उभं राहिलं की अंगाची लाही व्हायची. टोळीतली सगळ्यात म्हातारी झुंबरबाई, साठी उलटलेली, छातीची दुखणेकरी. तिची पाण्याची बाटली दुपारीच संपली. बांधावर लिंबाखाली मालकाच्या घरच्या माणसांसाठी थंड पाण्याचा जार ठेवलेला असायचा, वर स्टीलचा गिलास. बाया आपलं पाणी घरून आणत, त्या जाराकडे कुणी जात नसे, आणि का जात नसे हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. प्रभूचं नाव घेऊन तीन पिढ्या झाल्या तरी कुणाची नातवंडं कोण, हे गाव विसरत नाही. पण झुंबरबाईला धाप लागली होती. ती गेली, गिलास भरला, प्याली आणि तिथेच बसली.

भुजंगराव तेवढ्यात आला. शिवी नाही, ओरडणं नाही. त्यानं जार उचलला आणि म्हातारीच्या समोर जमिनीवर उलटा केला. अर्ध्याहून जास्त पाणी होतं, ते गळा आवळल्यासारखा आवाज करत मातीत गेलं. मग गिलास दोन बोटांत धरून बांधापलीकडे नाल्यात भिरकावला आणि गड्याला सांगितलं, नवीन घेऊन ये.

ज्योत्स्ना दहा पावलांवर उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. चौदा घरांच्या भाकरी तिच्या एका तोंडावर होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिचा राग तोंडावाटे बाहेर पडला नाही, तो आत गेला, आणि आत गेलेला राग कुजतो. तो शनिवार होता. रविवारची फुलं खुडायची वेळ झाली तेव्हा तिनं बायांना सांगितलं, चला घरी. ती फुलं राहू द्या, मालकच म्हणाले. बायांना काय, दोन तास आधी सुटका. संध्याकाळी सुरेखा आली, पोर कडेवर. ऊसवाल्या घरची लेक, लग्न होईपर्यंत तिनं कपाशीचं फूल जवळून बघितलेलं नव्हतं. तिनं विचारलं, मावशी, रविवारची झाली का? ज्योत्स्नानं मान हलवली.

सोमवारी सकाळी ती फुलं गुलाबी होऊन ओळीभर उभी होती. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढुरकं असतं, फळलं की दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. कामाच्या बाईला ते शंभर पावलांवरून दिसतं. तेव्हाही खुडता आली असती. झुंबरबाईनं बोट दाखवलं. ज्योत्स्ना म्हणाली, गप गुमान आपली ओळ धर. मालकाचं बी मालकाला गोड. त्या सोमवारी तिला काय बरं वाटलं, देवाच्यान्! सहा महिन्यांत तसं बरं पुन्हा वाटलं नाही. आणखी तीन शनिवार तिनं हेच केलं.

आणि आता त्या फुलांना फळ आलं होतं, ते भुजंगरावाच्या पदरात पडायचं सोडून त्या परक्या पोरीच्या पदरात. भुजंगरावाला तर हवाच होता बहाणा. ज्योत्स्नानं नेम धरला एकावर आणि लागला दुसऱ्याला, आणि ज्याच्यावर धरला तोच येऊन म्हणतो, शाबास, आता पुन्हा मार.

उपासना संपली. पाळकसाहेबांचं नाव मुकुंद, जालन्याहून महिन्यातून दोनदा मोटारसायकलवर यायचे, तिशीतले, मवाळ, चष्मा सारखा घामानं घसरायचा. ज्योत्स्नानं त्यांना ओट्यावर गाठलं आणि जाराची गोष्ट सांगितली. फक्त जाराची. मुकुंद पाळक ऐकताना लाल झाले, मग हळू आवाजात क्षमेबद्दल बोलायला लागले, आणि ज्योत्स्नाचा बांध फुटला.

"साहेब, दर वेळी माफ आम्हीच करायचं का? त्यांनी ओतायचं अन् आम्ही पुसायचं?"

मुकुंद पाळकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "क्षमा म्हणजे गप्प बसणं नाही, बाई," ते म्हणाले. "त्यांनी केलं ते पाप आहे, ते त्यांच्या तोंडावर म्हणा. मी येतो बरोबर. पण जाण्याआधी स्वतःचं बोचकं उघडून बघा. अर्धं खरं हातात धरून न्याय मागायला गेलं, तर उरलेलं अर्धं मागून येऊन आपल्यालाच धरतं."

यांना कुणी सांगितलं, असं वाटून ज्योत्स्ना चपापली. कुणी सांगितलं नव्हतं. पाळकाला लोकांची अर्धी वाक्यं ऐकायची सवय असते. त्यांनी फक्त एवढंच आठवण करून दिलं, की गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन आहे. इथल्या मंडळीत अजून जुनी पद्धत होती, सगळ्यांना मिळून द्राक्षरसाचा पेला एक. झुंबरबाईच्या ओठांचा पेला पाळकसाहेबांच्या ओठांना लागायचा, पुंजारामच्या ओठांचा शेजारच्या पोरीच्या. आणि ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी आहे किंवा ज्यानं कुणाचं बिघडवलंय, त्यानं आधी जाऊन ते निस्तरायचं, मगच पेल्याला हात लावायचा. गेल्या सहा महिन्यांत ज्योत्स्नानं तो पेला सहा वेळा तोंडाला लावला होता.

घरी येऊन तिनं पुंजारामला सगळं सांगितलं. सगळं, म्हणजे फुलांसकट. तो बराच वेळ गाडीचा आरसा पुसत बसला. मग त्यानं त्याच्या परीनं शहाणपण सांगितलं. तू बोललीस तर चौदा जणींचं काम जाणार, तालुक्यात पुन्हा कुणी टोळी उभी करणार नाही, मंडळीचं नाव जाणार ते वेगळंच. आणि न बोललीस तरी ती पोर काही त्या घरात टिकायची नाही, आज ना उद्या काढणारच तिला. सापासारखं चतुर असावं असं प्रभूनंच सांगितलंय की. ज्योत्स्ना म्हणाली, अहो, त्याच्या पुढंही काहीतरी सांगितलंय, कबुतरासारखं निष्कपट राहायचं, ते तुम्ही सवारी उतरवावी तसं मधेच काहून उतरवलं? पुंजारामनं आरसा गाडीला लावला आणि कामाला निघून गेला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ज्योत्स्ना घरात भांडी आपटत होती. तिला भुजंगरावाचा राग येत होता, पाळकाचा येत होता, नवऱ्याचा येत होता. सुरेखाचासुद्धा येत होता, की बये, मोठ्या घरची सून तू, स्वतःच्या डोळ्यांनी चार ओळी फिरून बघायला काय धाड भरली होती? दुसऱ्यांवर असा राग काढत बसलं की दिवस बरा जातो. पण बुधवारी गिरणीवर गहू टाकायला गेली तर समोर सुरेखाच उभी. डोळे सुजलेले, पोर पदराला धरून. भोवती चार बाया होत्या, म्हणून ती जवळ येऊन हळू बोलली.

"मावशी, तुम्ही झालं म्हणाल्त्या ना? का मलाच भास झाला? सगळे म्हणायलेत मी खोटी. आता माझाच माझ्यावर भरवसा राह्यला न्हाई."

ज्योत्स्ना म्हणाली, बघू. एवढंच. गहू तसेच गिरणीत सोडून ती घरी आली आणि चुलीपुढं बसून रडली, ते रडणंही रागाचंच होतं. पोरीला घरातून काढतील ते काढतील, पण तिचा स्वतःवरचा विश्वास ज्योत्स्नानं काढून घेतला होता. जार ओतणाऱ्यानं झुंबरबाईचं पाणी घेतलं होतं. हिनं काय घेतलं होतं?

गुरुवारी सकाळी ती निघाली. पाळकसाहेबांची वाट बघितली नाही, ते आले असते तर मधे पडून गोडीगुलाबी करत बसले असते. पण वाटेत झुंबरबाईच्या झोपडीशी थांबली. जार तिच्यासमोर ओतला होता, साक्षीला ती हवी होती. म्हातारी कुरकुरत पदर सावरून निघाली, आणि चालता चालता ज्योत्स्नानं तिला सांगितलं की मालकानं फुलं सोडा असं कधीच म्हटलं नव्हतं. तुझ्या पाण्याचा बदला घेतला मी, असंही म्हणाली. म्हातारी शाबास म्हणेल असं तिला कुठंतरी वाटलं होतं. झुंबरबाई वाटेतच उभी राहिली.

"पाणी माझं ओतलं. राग बी माझा व्हता. तू मला न इचारता काहून खर्चला?"

म्हातारी उत्तरासाठी थांबली नाही, धापा टाकत पुढं चालू लागली. ज्योत्स्ना तिच्या मागं.

भुजंगरावाच्या अंगणात लिंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. सुरेखाचा बाप सोमेश्वरराव एका खुर्चीच्या टोकावर बसला होता, टोपी मांडीवर, लेकीच्या बापानं बसावं तसा. कल्याण बुटाच्या टोकाकडे बघत होता. सुरेखा उंबऱ्याच्या आत उभी होती आणि तिच्या पायाशी बॅग भरून ठेवलेली होती. भुजंगरावानं ज्योत्स्नाला बघून मान डोलावली. झुंबरबाईला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. या दोघींना खुर्ची कुणी दिली नाही, त्या उन्हातच उभ्या राहिल्या. पाव्हण्यांना त्यानं सांगितलं, ही चर्चची बाई, हिच्यावर सगळ्या गावाचा भरवसा. मग ज्योत्स्नाला म्हणाला, सांगा, हिनं विचारलं होतं का कधी?

"विचारलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "चारी शनिवारी विचारलं. मी झालं म्हणाले. फुलं मी खुडली न्हाईत. बायांनाबी खोटं सांगून घरी न्हेलं. तुमचं बी माझ्यामुळं गेलं, मालक. ह्या पोरीचा कसूर न्हाई."

भुजंगरावाला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो उठू लागला तशी ज्योत्स्ना एक पाऊल पुढं गेली. सहा महिने आत कुजलेला राग आता तोंडाशी आला होता आणि तिनं तो अडवला नाही.

"बसा. अजून झालं न्हाई. मी असं काहून केलं, तेबी पाव्हण्यांच्या म्होरं ऐका. ही झुंबरबाई तुमच्या जारातलं गिलासभर पाणी प्याली, तर तुम्ही अख्खा जार तिच्या म्होरं मातीत ओतला. जनावराच्या तोंडचंबी पाणी कुणी ओतत न्हाई. ते तुमचं पाप. त्याचा जाब तुम्ही द्या, नका देऊ, तुमचं तुम्ही बघा. फुलं माझं पाप. त्याचा जाब मी देऊन राह्यले. तुमच्या पापाखाली माझं झाकायचं न्हाई मला, अन् माझ्याखाली तुमचं झाकू देणार न्हाई."

मग भुजंगराव जे बोलला ते सांगण्यासारखं नव्हतं. जातीवरून सुरुवात झाली आणि देवापर्यंत गेली. तुझ्या एका बाईला या शिवारात पाय ठेवू देणार नाही, म्हणाला. तालुक्यात तुझ्या टोळीला कोण काम देतो ते बघतो, म्हणाला. ज्योत्स्ना उभी राहून ऐकत होती. यातलं निम्मं तिनं स्वतः ओढवून घेतलं होतं आणि निम्मं नव्हतं, आणि दोन्हीचं माप तिला आता स्पष्ट दिसत होतं. चौदा जणींना आज संध्याकाळी पेल्याआधी तोंड दाखवायचं होतं, ते या शिव्यांहून अवघड जाणार होतं.

सोमेश्वररावानं टोपी डोक्यावर ठेवली आणि उभा राहिला. त्यानं व्याह्याकडे बघितलं नाही, जावयाकडे बघितलं. कल्याण अजून बुटाच्या टोकाकडेच बघत होता. तेवढ्यात सुरेखा उंबरा ओलांडून बाहेर आली. ज्योत्स्नाला वाटलं, पोर आता रडेल, पाया पडेल, काहीतरी म्हणेल. सुरेखाच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. ती ज्योत्स्नाच्या इतक्या जवळ येऊन उभी राहिली की तिचा श्वास लागत होता.

"पाणी मामंजींनी ओतलं, मावशी. मंग घर माझं काहून मोडलं?"

भुजंगरावासाठी ज्योत्स्नानं सहा महिन्यांची उत्तरं जमवून ठेवली होती. त्यात ही पोर कुठंच नव्हती. ऊन चढत होतं आणि सगळा राग कुठं निघून गेला कुणास ठाऊक.

"चुकलं माझं, पोरी," ती म्हणाली.

सुरेखा जाऊ द्या म्हणाली नाही, असू द्या म्हणाली नाही. कसं म्हणेल? ती वळली, भरलेली बॅग पायानं भिंतीकडे सरकवली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घरातल्या माठाचं पाणी होतं, काठोकाठ भरलेला स्टीलचा गिलास. सासऱ्याच्या समोरून चालत ती आली आणि तिनं तो झुंबरबाईच्या हातात दिला. ज्योत्स्नाला तिनं पाणी विचारलं नाही. ते बराबर होतं.

भुजंगराव खेकसला, सूनबाई. सुरेखानं मागं वळून बघितलं नाही.

झुंबरबाई सावकाश प्याली, अर्ध्यावर थांबली. मग दर महिन्याला प्रार्थनाघरात पेल्याची पुसायची तशी तिनं पदरानं गिलासाची कड पुसली आणि तो ज्योत्स्नापुढं धरला.

"घे. अन् चल जल्दी, ऊन व्हायलंय."

ज्योत्स्ना प्याली. पाणी संपलं तेव्हा तिला गिलास कुठं ठेवावा कळेना. इतक्या वर्षांची सवय, ती खाली वाकून तो जमिनीवर ठेवणार, तर सुरेखानं हात पुढं करून तिच्या हातातून घेतला. ती आत गेली. विसळला नाही, धुतला नाही, तसाच माठात बुडवल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. भरून तिनं तो आपल्या बापापुढं धरला.

सोमेश्वररावानं गिलासाकडे बघितलं, मग लेकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि उभ्या उभ्या ते पाणी पिऊन टाकलं.